मेंढी गेली, तरी वाडा बांधा

'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपण कुणाला तरी टोचण्यासाठी वापरतो. चोरी झाल्यावर कुलूप आणणाऱ्याला, पूल कोसळल्यावर पाहणी करायला निघालेल्या अधिकाऱ्याला. तिच्यात दिलासा नाही. आता चिनी भाषेतली एक म्हण घ्या: 'वांग यांग पू लाव'. मेंढी हरवली, वाडा दुरुस्त केला. चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, हा तर आपलाच बैल, फक्त जनावर बदललंय. मग वहीत दोन्ही म्हणी समोरासमोर लिहिल्या जातात आणि तिथेच चूक पक्की होते. कारण चिनी म्हण नेमकं उलटं सांगते. मेंढी गेली हे खरं, पण आता वाडा नीट केलात तर अजून उशीर झालेला नाही.

ही म्हण ज्या प्रसंगातून आली तो गंभीर आहे. छू राज्याच्या राजाला त्याचा मंत्री च्वांग शिन बजावत होता, की तुमच्याभोवतीचे खुशमस्करे राज्य बुडवतील. राजाने त्याला म्हातारचळ लागल्याचं म्हणून झिडकारलं. च्वांग शिन दुसऱ्या राज्यात निघून गेला. पुढे इसवी सनपूर्व 278 मध्ये छिन राज्याच्या फौजेने छूची राजधानी यिंग जिंकली आणि राजा परागंदा झाला. मग त्याला च्वांग शिन आठवला. त्याने माणसं पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, आता काय करू? हरलेल्या, शरमलेल्या राजाला मंत्र्याने दिलेलं उत्तर म्हणजे ही मेंढीची म्हण. ती धीर देण्यासाठी उच्चारली गेली. म्हणून आजही एखादा चिनी व्यवस्थापक बैठकीत आपल्या कारखान्यातल्या चुकीबद्दल 'वांग यांग पू लाव' म्हणतो, तेव्हा तो 'आम्ही दुरुस्तीला लागलो आहोत' असं सांगत असतो. दुभाष्याने तिथे बैल आणि झोपा आणला, तर माफी मागणारा माणूस स्वतःची खिल्ली उडवतोय असं ऐकणाऱ्याला वाटेल.

दोन शेतकरी समाज, दोघांकडे गुरं, दोघांकडे पडका गोठा, आणि निष्कर्ष इतके वेगळे का? मला उत्तर जनावरातच दिसतं. मेंढ्यांचा कळप असतो. एक गेली तरी उरलेल्या वाड्यातच असतात आणि भोक बुजवलं नाही तर उद्या दुसरी जाईल. त्यामुळे दुरुस्तीला अर्थ आहे. आपल्या म्हणीतला बैल छोट्या शेतकऱ्याचा आहे. दावणीला एक नाहीतर दोन. तो गेला की नांगरणीच अडली. रिकाम्या गोठ्याला दार लावून राखायचं काय? दोन्ही म्हणी आपापल्या गोठ्यात पूर्ण शहाण्या आहेत. ते शहाणपण म्हणीच्या शब्दांत मात्र नाही. ते जनावरांच्या संख्येत आहे आणि ती संख्या शब्दकोशात लिहिलेली नसते.

म्हणून माझा आग्रह असा, की शेतीतून आणि निसर्गातून आलेल्या चिनी म्हणी म्हणीला म्हण जोडून शिकू नयेत. त्यांच्यामागचं काम, म्हणजे पेरणी, खुरपणी, वाडा, तळं, आणि ती म्हण पहिल्यांदा कोण कुणाला म्हणालं तो प्रसंग, हे दोन्ही घेऊन शिकाव्यात. यात वेळ जातो. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी चिनी शिकणाऱ्या मुलांना तेवढा वेळ नसतो हे मला मान्य आहे. तरीही या वाटेने गेल्याशिवाय ती भाषा बोलणाऱ्यांची विचार करण्याची रीत कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

या म्हणींना चिनीत 'छंग-यू' म्हणतात. बहुतेक छंग-यू चार अक्षरांच्या असतात आणि बऱ्याचशा दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतल्या गोष्टींचा अर्क असतात. त्या हजारोंनी आहेत. शाळेत पाठ करून घेतात, मुलं त्यांच्या भेंड्या खेळतात, 2014 साली तर चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने त्यांची देशव्यापी स्पर्धाच भरवली. चार अक्षरांत गोष्ट बसवायची म्हणजे काहीतरी गाळावं लागतं. आणि पुष्कळदा जे गाळलं जातं, त्यातच गोष्टीचा जीव असतो.

याचा सर्वांत ठळक नमुना 'त्वेइ न्यू थान छिन', म्हणजे बैलापुढे वाद्य वाजवणं. इथे वहीत 'गाढवापुढे वाचली गीता' लिहायचा मोह कुणालाही आवरणार नाही, आणि रोजच्या वापरापुरतं ते बरोबरही आहे. ऐकणारा अडाणी, सांगणं वाया. पण मूळ गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. कुंग-मिंग यी नावाच्या वादकाने बैलासमोर एक उच्च दर्जाची रचना वाजवली. बैल मान खाली घालून चरत राहिला. वादक म्हणाला, याला ऐकू येत नाही असं नाही, हे सूर याच्या कानाचे नाहीत. मग त्याने तारांतून डास-गोमाश्यांची गुणगुण काढली, आईपासून चुकलेल्या वासराचं हंबरणं काढलं. बैलाने शेपूट झटकली, कान टवकारले आणि तो पावलं टाकत ऐकू लागला.

बैलाजवळ वावरलेल्या माणसालाच ही गोष्ट सुचू शकते. गोमाशी जवळ आली की शेपूट कशी आपोआप उडते आणि वासराच्या आवाजाने कान कसा वळतो, हे त्याने पाहिलेलं असतं. गोष्टीचा रोख बैलावर नाही, वादकावर आहे. ऐकणाऱ्याच्या आयुष्यातला सूर शोधणं हे वाजवणाऱ्याचं काम. छंग-यूने पहिला अर्धा भाग ठेवला आणि दोष बैलाच्या माथी मारला.

ही गोष्ट कुठे आली आहे तेही पाहण्यासारखं आहे. हान घराण्याच्या अखेरच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या 'मौ-त्स' या ग्रंथात ती येते. भारतातून आलेला बौद्ध धर्म चिनी सुशिक्षितांना पटवून देण्यासाठी लिहिलेला हा प्रश्नोत्तररूप ग्रंथ आहे. त्यात प्रश्न विचारणारा लेखकाला अडवतो. बुद्धाचं म्हणणं सांगायचं तर बुद्धाची सूत्रं सांगा, सारखे आमच्याच जुन्या ग्रंथांचे दाखले का देता? उत्तरादाखल बैलाची गोष्ट येते. तुम्हाला तुमचेच ग्रंथ माहीत आहेत, म्हणून मी त्या सुरात बोलतो आहे. परक्या देशातला विचार दुसऱ्या भाषेत नेताना काय करावं, याचा इतका नेमका धडा दुसरा मला माहीत नाही. आणि तो आपल्याच उपखंडातून गेलेल्या धर्माच्या निमित्ताने दिला गेला आहे. 'गाढवापुढे गीता' एवढं लिहून वही मिटली, की हा सगळा धडा हातचा जातो.

आता सर्वांत प्रसिद्ध म्हणीकडे येतो. 'पा म्याव चू चांग', रोपं उपसून त्यांना वाढायला मदत करणं. सोंग राज्यातला एक शेतकरी आपली रोपं वाढत नाहीत म्हणून कासावीस झाला आणि त्याने एकेक रोप थोडं थोडं वर ओढलं. दमून घरी आला. आज फार थकलो, रोपांना वाढायला मदत करून आलो, असं घरात सांगितलं. मुलगा धावत शेतात गेला, तोवर सगळं सुकून गेलं होतं. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या मेन्शियस या विचारवंताने ही गोष्ट सांगितली. आज ती पोरांना लहानपणापासून शिकवणीला जुंपणाऱ्या पालकांना उद्देशून सर्रास वापरली जाते.

कोकणातल्या वाचकाला ही गोष्ट थोडी खटकायला हवी. भाताचा तरवा उपटूनच तर लावणी होते. दरवर्षी आषाढात घरची सगळी माणसं तेच करतात आणि रोपं मरत नाहीत, उलट फुटवे धरतात. मग सोंगच्या शेतकऱ्याची का मेली? मेन्शियसने पिकाचं नाव सांगितलेलं नाही. पण सोंगचा मुलूख म्हणजे आजच्या हनान प्रांतातल्या शांगछिउचा परिसर, उत्तर चीनची कोरडवाहू जमीन, मुख्यतः राळ्यासारख्या भरडधान्यांची. भाताचं रोप उपटून लगेच चिखलात रोवलं जातं, मुळं पुन्हा पाण्यात बसतात. राळ्याचं रोप कोरड्या मातीत नुसतं वर ओढलं, की ज्या बारीक केसमुळांनी ते पाणी ओढतं तीच तुटतात. वरून रोप उंच दिसतं, ऊन तर चालूच असतं, आणि पानांतून जाणारं पाणी खालून भरून येत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी रोपं माना टाकतात. मुलगा धावत जाऊन पाहतो तेव्हा रोपं सुकलेली असणं ही अतिशयोक्ती नाही, ते अगदी तसंच घडतं.

आणि इथेही अर्धी गोष्ट गळालेली आहे. मेन्शियस माणसाच्या अंगी नैतिक बळ कसं वाढतं याबद्दल बोलत होता. रोपांची गोष्ट सांगून झाल्यावर तो दोन प्रकारच्या माणसांना दोष देतो. एक, प्रयत्नाने काही होत नाही म्हणून सोडून देणारे. त्यांना तो शेताची खुरपणीच न करणारे म्हणतो. दुसरे, घाईने रोपं ओढणारे. म्हणजे मेन्शियसच्या मनात वाट आहे ती खुरपणीची. रोज वाकून तण काढा, रोपाला हात लावू नका. छंग-यूत ओढणारा राहिला आणि खुरपणी टाळणारा निसटला. म्हणून आज या म्हणीचा उपयोग 'मुलांना मोकळं सोडा' एवढंच सांगायला होतो. मेन्शियसला ते पुरतं पटलं नसतं. मोकळं सोडलेल्या शेतात तण माजतं हे त्यालाही माहीत होतं.

पाठ असलेली म्हण माणसाला वाचवते का, हा मला या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न वाटतो. 1958 साली चीनमध्ये 'मोठी झेप' ही सरकारी मोहीम सुरू झाली. गावोगावच्या कम्यूनांमध्ये जास्तीत जास्त उत्पन्नाचा आकडा जाहीर करण्याची चढाओढ लागली. या फुगवलेल्या आकड्यांना 'उपग्रह सोडणं' म्हणत, कारण नुकताच सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला होता. त्या ऑगस्टमध्ये हूपेइ प्रांतातल्या माछंगमधून बातमी आली, की एका मू जमिनीत 36,956 चिन भात पिकला. चिन म्हणजे अर्धा किलो आणि मू म्हणजे हेक्टरचा पंधरावा भाग. हिशेब केला तर हेक्टरी पावणेतीनशे टनांच्या वर जातो. चांगल्या पिकलेल्या भाताच्या शेतात आज दहा टन निघाले तरी शेतकरी धन्य होतो. बातमीसोबत फोटोही छापले गेले. पीक इतकं दाट, की त्यावर मुलं उभी राहिलेली.

हे कसं साधलं? आसपासच्या कित्येक खाचरांतलं पिकत आलेलं भात मुळासकट उपटलं आणि एकाच खाचरात खेटून उभं केलं. रोपं उपसून पीक वाढवण्याचा मेन्शियसच्या गोष्टीतला प्रकार अक्षरशः करून दाखवला गेला, तोही ती गोष्ट पिढ्यानपिढ्या तोंडपाठ असलेल्या देशात. खेटून उभ्या केलेल्या पिकात वारा खेळत नाही, ऊन खालपर्यंत पोचत नाही, ते आतून सडतं, हे ते उपटणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला कळत होतं. पण बोलण्याची सोय नव्हती. पुढे खोट्या आकड्यांच्या प्रमाणात सरकारी धान्यवसुली झाली, गावांत खायला उरलं नाही, आणि 1959 ते 1961 या दुष्काळात किती माणसं गेली याचे इतिहासकारांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

यावर कुणी म्हणेल, हा दोष राजकारणाचा, म्हणीचा नव्हे. खरं आहे. पण म्हण शिकवण्याच्या रीतीबद्दल त्यातून काही कळतंच. चार अक्षरं घोकलेल्या माणसाला ती परीक्षेत आठवतात, निबंधात आठवतात, दुसऱ्याच्या मूर्खपणावर बोट ठेवायला आठवतात. समोर खरोखरच रोपं उपटली जात असताना ती आठवायची आणि उच्चारायची, तर त्यामागे शेताची ओळख लागते आणि बोलण्याची मुभा लागते. त्या काळात शेताची ओळख होती त्यांना मुभा नव्हती, आणि आकडे मागवणाऱ्यांपैकी कित्येकांना शेताची ओळख नव्हती.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शेतीवरच्या या छंग-यू शेतकऱ्यांनी रचलेल्या नाहीत. त्या दरबारी मसलतगारांनी, तत्त्वज्ञांनी, राजाला पटवण्यासाठी केलेल्या मांडणीतून आल्या. त्यांतला शेतकरी बहुतेक वेळा मूर्ख असतो. रोपं ओढणारा सोंगचा. झाडाच्या बुंध्याशी ससा आपटून मेला, म्हणून काम टाकून दुसऱ्या सशाची वाट बघत बसणाराही सोंगचाच. सोंग हा मुलूख चौ घराण्याने शांग राजवटीचा पाडाव केल्यावर शांगच्या वंशजांना राहायला दिलेला. हरलेल्यांना वेड्यात काढण्याची ही जुनी खोड त्या गोष्टींत शिरलेली आहे, असं अनेक अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं.

सशाची म्हण, 'शौ चू ताइ थू', आज आळशाला उद्देशून वापरतात. पण हान फेइ या विचारवंताने ती लिहिली तेव्हा त्याचं लक्ष्य शेतकरी नव्हताच. जुन्या आदर्श राजांची रीत आज जशीच्या तशी चालवू पाहणारे राज्यकर्ते म्हणजे बुंध्याशी बसलेला माणूस, असं तो म्हणत होता. पूर्वी माणसं थोडी आणि जिन्नस भरपूर होते, आता माणसं वाढली, मग कारभार तोच कसा चालेल, हा त्याचा युक्तिवाद. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात लोकसंख्येवरून राज्यकारभाराचा विचार करणारा हा माणूस आळसावर बोधकथा सांगत नव्हता. म्हणीने त्याचं सगळं राजकारण पुसून टाकलं.

या दरबारी गर्दीत एक म्हातारा मात्र वेगळा उठून दिसतो. कन्फ्यूशियसचा शिष्य त्स-लू वाटेत मागे पडला. काठीला टोपली अडकवून चाललेला एक म्हातारा भेटला. आमच्या गुरूंना पाहिलंत का, असं त्स-लूने विचारलं. म्हातारा म्हणाला, ज्याच्या हातापायांना काम माहीत नाही, ज्याला पाच धान्यं वेगळी ओळखता येत नाहीत, तो कसला गुरू! एवढं बोलून त्याने काठी जमिनीत रोवली आणि तो तण काढू लागला. 'वू कू पू फन', पाच धान्यं न ओळखणं, ही छंग-यू तिथून आली. म्हण तुसडी वाटते, पण त्याच म्हाताऱ्याने रात्री त्स-लूला घरी ठेवून घेतलं, कोंबडी कापली, राळं शिजवून वाढलं, आपल्या दोन मुलांना भेटवलं. हा पाहुणचार म्हणीत आला नाही. पुढे 1974 च्या कन्फ्यूशियसविरोधी मोहिमेत हाच प्रसंग कन्फ्यूशियसला झोडपायला वापरला गेला, तेव्हा तर हा पाहुणचार कुणाला आठवण्याची शक्यताच नव्हती.

शेतकऱ्यांनी स्वतः रचलेल्या म्हणी चिनीत वेगळ्या आहेत. त्यांना 'नोंग-येन' म्हणतात, शेतीचे बोल. त्यांत मूर्ख कुणी नसतो, कारण त्या कुणाला शिकवण्यासाठी नाहीत, त्या कामाच्या आहेत. वेळेवर पडलेलं बर्फ चांगल्या पिकाची खूण, ही त्यांतली सर्वांत पसरलेली. आपल्याला बर्फाचा आणि सुगीचा संबंध चटकन लागत नाही. उत्तरेत गहू शरदात पेरतात, तो हिवाळाभर जमिनीत दबून असतो. वर बर्फाचा थर बसला, की कडाक्याच्या थंडीपासून त्याचा बचाव होतो आणि वसंतात वितळून ओलही मिळते. आपल्याकडे 'पडतील स्वाती, तर पिकतील मोती' म्हणतात ते याच जातीचं. मोती या शब्दाने ती कविता वाटते, पण ती मुळात रब्बीच्या ओलीची नोंद आहे. तिसरा एक प्रकार 'श्ये-हौ-यू', अर्धवट सोडलेल्या कोड्यांसारखा. 'तिळाला फुलं आली' एवढंच म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने पुरं करायचं, 'पेऱ्यापेऱ्याने वर'. तीळ खालून वर फुलत जातो हे पाहिलेल्यालाच त्यातली बढतीची शुभेच्छा लागते. माझ्या मते चिनी शिकवणाऱ्यांनी छंग-यूइतकीच जागा या दोन प्रकारांना द्यायला हवी. परीक्षांमध्ये त्यांची किंमत कमी धरतात, हे फार वाईट आहे.

आता एका रास्त आक्षेपाकडे. 1978 साली चीनची जेमतेम अठरा टक्के लोकसंख्या शहरांत होती. 2020 च्या जनगणनेत ती जवळजवळ चौसष्ट टक्के झाली. शांघायमधल्या सतराव्या मजल्यावर वाढलेल्या मुलीने राळ्याचं शेत पाहिलेलं नसतं, तरी ती या सगळ्या म्हणी अचूक वापरते. मग मराठी माणसानेच शेत कशाला बघत बसायचं? आपल्याकडेही झोपा म्हणजे काटक्या-कुडाचं दार, हे किती जणांना माहीत आहे? म्हण तरी अडते का?

आक्षेप खरा आहे, पण त्या मुलीजवळ असं काही आहे जे परक्या शिकाऊ माणसाजवळ नाही. तिने ती म्हण आजीच्या तोंडून चिडून ऐकली आहे, बातम्यांत गंभीरपणे ऐकली आहे, मैत्रिणीच्या थट्टेत ऐकली आहे. त्या शेकडो वेळांनी तिला म्हणीचा सूर दिला. आपल्याला तो सूर कुठून मिळणार? एक तर वीस वर्षं चीनमध्ये राहून, नाहीतर मूळ प्रसंगातून. हरलेल्या राजासमोर च्वांग शिन उभा आहे हे एकदा डोळ्यांसमोर आलं, की 'वांग यांग पू लाव' टोमण्याच्या सुरात तोंडातून निघणारच नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांसारख्यांना ही अडचण नव्हती. 1938 साली वैद्यकीय पथकातून गेलेला हा माणूस युद्धाच्या धामधुमीत उत्तर चीनच्या खेड्यांत, जखमींच्या उशापायथ्याशी चिनी शिकला आणि 1942 साली हपेइ प्रांतातल्या एका खेड्यातच वारला. त्याला शिकवणीची जागा शेतकऱ्यांच्या घरांनीच दिली. आज वर्गात बसून शिकणाऱ्याला तेवढं मिळत नाही, म्हणून त्याला गोष्ट पुरी सांगावी लागते.

शिवाय मराठी शिकाऊ माणसाचं भांडवल मोठं आहे. चोवीस भागांच्या चिनी सौर पंचांगात, ज्याला युनेस्कोने 2016 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, एक पर्व 'मांग चुंग' नावाचं आहे. कुसळवाला गहू कापा आणि भात लावा, असं ते सांगतं. ते येतं साधारण 6 जूनला. आपलं मृग लागतं 7 जूनच्या सुमारास. दोन्ही सूर्यावरून ठरतात. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याची जी तारांबळ उडते ती ठाऊक असलेल्या माणसाला, 'मांग चुंग' म्हटल्यावर चिनी खेड्यात कुणाला बोलायलाही का सवड नसते, हे समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याला त्यासाठी एक धडा लागेल.

मराठीत चिनी म्हणींचं पुस्तक व्हायचं असेल तर ते वर्णानुक्रमाने लावू नये. पिकांनुसार आणि कामांनुसार लावावं. एका विभागात राळं आणि गहू, दुसऱ्यात तुती आणि रेशीमकिडा, तिसऱ्यात बांबू, चौथ्यात गुरं-मेंढ्या, पाचव्यात तळी आणि मासे. माशांच्या विभागात 'च्ये त्स अर यू', तळं उपसून मासे धरणं, ही म्हण येईल, आणि तिथे सांगावं लागेल की इसवी सनपूर्व 632 च्या लढाईआधी चिन राज्याच्या वन या राजाला फसवणुकीच्या डावपेचाविरुद्ध दिलेला हा सल्ला होता. आज मासे मिळतील, पुढच्या वर्षी मिळणार नाहीत. राजाने डावपेच वापरला, लढाई जिंकला, आणि तरी बक्षीस आधी दिलं ते तळ्याची गोष्ट सांगणाऱ्याला. प्रत्येक म्हणीखाली तिची मराठी जोडीदारीण लिहायला हरकत नाही, पण ती जिथे पटत नाही ते आधी लिहावं.

बांबूच्या विभागातली नोंद मी अशी लिहीन. 'यू हौ छुन सुन', पावसानंतरचे वसंतातले बांबूचे कोंब. एखादी गोष्ट एकाएकी सगळीकडे दिसू लागली की वापरतात. बांबूची खोडं जमिनीखाली आडवी पसरत राहतात, कोंब तिथेच तयार होऊन बसलेले असतात, वसंतातला पाऊस पडला की ते एकदम वर येतात आणि मोसो जातीचा बांबू एखाद्या दिवसात हातभर सहज वाढतो. कोंब खाण्याच्या कामाचे, बांबू घरच्या कामाचा, म्हणून म्हणीचा सूर आनंदाचा. मराठीत 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखं' हे दिसायला जवळचं, पण त्यात हेटाळणी आहे, त्या छत्र्या कुणी खात नाही आणि दोन दिवसांत त्या विरतात. चिनी बातमीत नव्या शाळांबद्दल, ग्रंथालयांबद्दल ही म्हण आली, तर छत्र्या लिहू नयेत. साधं 'पाऊस पडताच रान तरारून यावं तशा' लिहावं. बेकायदा शिकवणीवर्गांबद्दल आली, तर आधी पूर्ण बातमी वाचून लेखकाचा राग तपासावा, आणि मग खुशाल छत्र्या लिहाव्यात.